मातीत सोनं ओतणारा गिरणीवाला

रात्री साडेअकराच्या पुढे द्वारका चौकात उभं राहिलं, की महाराष्ट्राच्या कापडाची निम्मी कहाणी डोळ्यांसमोरून जाते. मी या चौकापासून हाकेच्या अंतरावर राहतो. निवृत्त झाल्यापासून झोप कमी झाली आहे आणि गच्चीवर उभं राहायची सवय जास्त. मालेगावकडून ट्रक येतात. ताडपत्रीखाली कोऱ्या कापडाच्या गाठी असतात. न धुतलेलं, न रंगवलेलं कापड. धंद्यातली माणसं त्याला नुसतं 'ग्रे' म्हणतात. ते भिवंडीकडे किंवा आणखी कुठे दूर रंगायला, छापायला जातं आणि चार पैसे जास्त होऊन, कधीकधी शर्टाचं रूप घेऊन, आपल्याच मेनरोडवरच्या दुकानात परत येतं. उलट दिशेनं मागांसाठी सुताचे खोके जातात. वरून उड्डाणपूल गेला, खाली कोंडी होती तशीच राहिली. पण कच्चा माल इकडून जायचा आणि पक्का माल इकडेच विकायला यायचा, हा क्रम काही बदलला नाही.

दीडशे वर्षांपूर्वी हीच वाट रेल्वेची होती. १८६५ साली थळ घाट ओलांडून आगगाडी इगतपुरीला आली, पुढे भुसावळमार्गे १८६७ साली नागपूरला पोचली. वऱ्हाडचा, नागपूरचा कापूस गासड्या बांधून आपल्या नाशिकरोडवरून मुंबईच्या गोदीत जाऊ लागला. तिथून बोटीनं लिव्हरपूल, मग मँचेस्टर. तिथे त्याचं सूत आणि कापड होई आणि तेच कापड त्याच बोटीनं, त्याच रुळांवरून ज्या गावचा कापूस त्याच गावच्या बाजारात विकायला येई. जाताना भाडं, येताना भाडं, मध्ये दलाली, विमा आणि साहेबाचा नफा. हा सगळा खर्च अखेर शेतकऱ्याच्या धोतराच्या किमतीत चढे.

कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी का काढू नये, असं आज कुणीही शाळकरी पोर विचारेल. १८७०च्या सुमाराला मुंबईतल्या शहाण्या माणसांना तो प्रश्न वेडगळ वाटत होता. गिरणी म्हणजे मुंबई, हे ठरून गेलं होतं. तो वेडगळपणा ज्यानं केला, त्या जमशेटजी नसरवानजी टाटांबद्दल मला आज लिहायचं आहे. त्यांचं पोलाद, त्यांचं ताजमहाल हॉटेल, त्यांची बंगळूरची विज्ञानसंस्था यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्यांच्यातला गिरणीवाला जवळचा वाटतो. त्याला एक खासगी कारण आहे, ते पुढे येईलच. मी तीसेक वर्षं बँकेत काढली आणि कापडवाल्यांच्या कर्जाच्या फायली बऱ्याच हाताळल्या.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, बडोदे संस्थानातल्या नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी भिक्षुकी सोडून मुंबईला व्यापारात शिरलेले. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर त्यालाही त्यांनी बोलावून घेतलं, एल्फिन्स्टन कॉलेजात घातलं. १८५८ साली शिक्षण संपवून जमशेटजी पेढीवर बसले आणि वर्षभरात हाँगकाँगला गेले. पेढीचा व्यापार चीनशी होता, आणि तेव्हाचा चीनचा व्यापार म्हणजे कापूस आणि अफू. हे चरित्रकार दबक्या आवाजात सांगतात. आपण सरळ सांगू. मुंबईतल्या बहुतेक मोठ्या पेढ्यांचं भांडवल त्या वाटेनंच आलं आहे.

मग अमेरिकेत यादवी पेटली. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत तिथला कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शहरात बँका, कंपन्या, खाडी बुजवण्याच्या योजना कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर शेअरांचे भाव वर चढत. या धामधुमीत लंडनला एक हिंदी बँक काढावी म्हणून १८६४ च्या अखेरीस जमशेटजींना विलायतेला पाठवण्यात आलं. ते वयानं पंचवीस वर्षांचे, खिशात मुंबईचे रोखे. अमेरिकेतलं युद्ध थांबलं, कापसाचा भाव कोसळला आणि रोख्यांचा कागद झाला. बँक निघालीच नाही. इकडे मुंबईत बापावर राहतं घर विकायची पाळी आली.

परक्या देशात, दिवाळखोर पेढीचा प्रतिनिधी म्हणून, एकटा पोरगा. माझ्या नोकरीत मी असे प्रसंग पाहिले आहेत. माणूस अशा वेळी पहिल्यांदा पत्ता बदलतो. जमशेटजी एकेका धनकोकडे, एकेका बँकेत स्वतः गेले आणि खरी परिस्थिती मांडली. परिणाम असा झाला, की त्याच धनकोंनी त्यांनाच पेढीची देवघेव निस्तरण्यासाठी नेमलं. दरमहा वीस पौंड पगारावर. ज्याच्याकडून वसुली करायची त्यालाच वसुली अधिकारी नेमायचा! आमच्या विभागीय कार्यालयात असा प्रस्ताव पाठवला असता, तर तो पाठवणाऱ्याचीच बदली झाली असती. पण लंडनच्या त्या सावकारांना माणूस वाचता येत होता, एवढं खरं.

पेढी सावरली ती १८६८ मध्ये, अ‍ॅबिसिनियावर चालून गेलेल्या इंग्रज फौजेला रसद पुरवण्याच्या कंत्राटानं. त्याच वर्षी जमशेटजींनी एकवीस हजार रुपयांवर स्वतःची पेढी सुरू केली. दुसऱ्या वर्षी चिंचपोकळीची एक बुडीत तेलाची गिरणी घेऊन तिची सूतगिरणी केली, तिला अलेक्झांड्रा नाव दिलं आणि दोन वर्षांत ती नफ्यानं विकून टाकली. दुसरा असता, तर हाच धंदा करत राहिला असता: बुडीत गिरण्या घ्या, रंग द्या, विका. जमशेटजी मात्र पैसे घेऊन लँकेशायरला गेले आणि तिथल्या गिरण्या पाहत हिंडले. विकण्यासाठी गिरणी काढणं वेगळं आणि चालवण्यासाठी काढणं वेगळं, हा फरक त्यांना तिथे कळला असावा असं मला वाटतं.

परत आल्यावर जागेचा शोध. जबलपूरजवळ पाण्याच्या जोरावर गिरणी चालवता येईल का हे त्यांनी पाहिलं, असं चरित्रकार सांगतात. ते जमलं नाही. अखेर नागपूर ठरलं. कापूस दाराशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे येऊन पोचलेली आणि गिऱ्हाईकही तिथेच. १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी काढली. जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. भर घालायलाच अमाप पैसा लागणार होता. नागपूरच्या एका मोठ्या सावकारानं कर्ज द्यायला नकार दिला. मातीत सोनं ओतणाऱ्या माणसाला कशाला पैसे द्यायचे, असा त्याचा हिशेब. पुढे गिरणी भरभराटल्यावर त्यानं आपली चूक मोकळेपणानं कबूल केली. या माणसानं मातीत माती घातली आणि सोनं बाहेर काढलं, असं तो सांगत असे. या गोष्टीत लोक सहसा जमशेटजींकडे पाहतात. मी सावकाराकडे पाहतो. त्यानं नकार दिला तेव्हा त्याचं काहीएक चुकलं नव्हतं. तारण म्हणून दलदल कोण घेणार? चूक झाली ती नंतर कळण्याजोगी होती, आणि तसं कबूल करायचं धैर्य त्याच्यात होतं.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं गेलं, त्याच दिवशी नागपूरला गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस. सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग. व्यवस्थापक म्हणून नेमले बेजनजी दादाभाई मेहता. हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतले. गिरणीचा अनुभव शून्य. तांत्रिक बाजू पाहायला जेम्स ब्रुक्सबी हा लँकेशायरचा माणूस. अनुभवापेक्षा माणसाचा वकूब पाहून जबाबदारी द्यायची ही जमशेटजींची खोड शेवटपर्यंत राहिली.

सुरुवात वाईट झाली, आणि ती जमशेटजींच्या स्वतःच्या चुकीमुळे. काटकसर म्हणून पहिली यंत्रं स्वस्तातली घेतली होती. सूत जाडंभरडं निघे, तुटे, आणि बाजारात मालाला नाव येईना. अशा वेळी बहुतेक मालक कामगारांना बोल लावतात, नाहीतर कापसाला. जमशेटजींनी ती यंत्रं काढून टाकली आणि चांगली बसवली. नुकतीच घेतलेली यंत्रं मोडीत काढायची म्हणजे भागधारकांसमोर आपल्याच निर्णयावर काट मारायची. ते त्यांनी केलं. यंत्रसामग्रीत केलेली बचत हा गिरणीचा सर्वांत महाग खर्च असतो, हा धडा त्यांनी पुन्हा विसरू दिला नाही.

रिंगची गोष्ट इथूनच निघते. लँकेशायरला सूत कातलं जाई ते मुख्यतः म्यूल नावाच्या यंत्रावर. एक लांबलचक गाडा पुढे सरकतो, तंतू ओढून त्याला पीळ देतो. मग मागे येतो आणि झालेलं सूत गुंडाळतो. पुढे, मागे, पुढे, मागे. सूत सुरेख निघतं, पण चालवणारा कसबी लागतो आणि निम्मा वेळ गाड्याच्या येरझारांत जातो. अमेरिकेत निघालेल्या रिंग पद्धतीत पीळ देणं आणि गुंडाळणं एकाच वेळी होतं. चातीभोवती पोलादी कडं असतं, त्या कड्यावरून नखाएवढी तारेची आकडी गरगर फिरते आणि तिच्यातून सूत ओवलेलं असतं. गाडा नाही, थांबणं नाही. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी या पद्धतीकडे नाक मुरडलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडवल म्यूलमध्ये अडकलेलं, आणि कसबी कातणाऱ्यांचा दबदबाही मोठा. १८८३ च्या सुमारास जमशेटजींनी नागपुरात रिंगची यंत्रं चाचणीसाठी लावून पाहिली. चातीचे वेग मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवरून नऊ हजारांवर आणि पुढे बारा हजारांपर्यंत गेले, असं हॅरिससाहेबांनी आपल्या १९२५ सालच्या चरित्रात नोंदवलं आहे. आपल्या जाड्या सुताला हे यंत्र मानवलं. लँकेशायर मात्र पुढची कित्येक दशकं म्यूलला चिकटून राहिलं. आज जगातलं बरंचसं सुती सूत रिंगवर निघतं. ज्याच्याकडे जुनं काही राखायचं नसतं, त्याला नवं लवकर दिसतं.

पण यंत्र चांगलं असून भागत नव्हतं. नागपूरचा मे महिना ज्यांनी अनुभवला असेल त्यांना सांगायला नको. कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो. ओलसर झाला की तो मजबूत होतो, हा कापसाचा विशेषच आहे. मुंबईची दमट हवा गिरणीला फुकट मिळे. नागपूरला ती तयार करावी लागणार होती. सूत तुटलं की कामगार ते जोडत बसतो, माग थांबतो, मजुरी बुडते. वर पिंजलेल्या कापसाचं कस्पट हवेत तरंगतं, ते छातीत जातं. शंभरातले वीस-वीस कामगार रोज गैरहजर राहत. आळशी लोक, असं म्हणून बाकीचे मोकळे झाले असते. जमशेटजींनी हवा खेळती ठेवणारी आणि दमट करणारी यंत्रणा बसवली, आगीसाठी पाण्याचे फवारे लावले. हजेरीसाठी बक्षिसं ठेवली. घड्याळं, साखळ्या, रोख रक्कम. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी. कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात १९२३ साली आला आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली. तारखा शेजारी ठेवून पाहा. नागपूरच्या कोष्टी घरांना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या अनेक कुटुंबांना या गिरणीनं रोख पगाराचं काम दिलं, आणि शहराच्या पुढच्या इतिहासात त्या रोख पगाराला मोठं स्थान आहे.

इथे माझं खासगी कारण सांगतो. १९९१ साली मी मालेगावच्या एका शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. एक मागवाले आले. पन्नाशीचे, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. मला ते 'साहेब' म्हणत, मी त्यांना 'चाचा'. मुंबईच्या बंद पडलेल्या गिरण्यांतून निघालेले माग तेव्हा भंगाराच्या भावानं यायचे आणि मालेगावात पुन्हा खडखडू लागायचे. तसे चोवीस माग चाचांकडे होते. आणखी बारा घ्यायचे म्हणून त्यांनी कर्ज मागितलं होतं. अर्जाच्या शेवटी एक कलम वेगळं होतं. शेडच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारे सहा मोठे पंखे आणि उन्हाळ्यात हवा दमट ठेवायला पाण्याचे फवारे. रक्कम फार नव्हती. मी त्या कलमावर तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली आणि समासात लिहिलं, अनुत्पादक खर्च. बाकीचं कर्ज मंजूर झालं. चाचांनी विचारलं, पंखे का काढले? मी सांगितलं, पंख्यानं कापड निघत नाही. ते हसले आणि सही करून गेले.

तेव्हा मी जमशेटजींचं चरित्र वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी रेघ मारलीच असती, असं प्रामाणिकपणे वाटतं. आमच्या तक्त्यात पंख्यांना रकानाच नव्हता.

जमशेटजींना देवमाणूस करण्याचा माझा इरादा नाही. एम्प्रेस गिरणीतही सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, तेव्हा सगळीकडे चालत होतं तसंच. कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ सालचा. त्यानं सात वर्षांच्या पोरालाही गिरणीची दारं बंद केली नव्हती. निधी, बक्षिसं ही मालकाची दूरदृष्टी, हक्क नव्हे. हक्कासाठी मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांना १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवावी लागली, हजारो सह्यांचे अर्ज करावे लागले; तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. हा अंक आपण रविवारी चहाबरोबर वाचता आहात, त्यात लोखंड्यांचा वाटा आहे. जमशेटजी आणि लोखंडे एकाच काळात, एकाच धंद्यात, दोन टोकांना उभे होते. दोघांपैकी एकाचं नाव घेऊन दुसऱ्याला विसरणं मला बरोबर वाटत नाही.

१८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची धरमसी गिरणी साडेबारा लाखांना विकत घेतली आणि नाव ठेवलं स्वदेशी. वंगभंगाची चळवळ अजून एकोणीस वर्षं दूर होती. ही गिरणी मात्र त्यांच्या गळ्याला फास ठरता ठरता राहिली. यंत्रं जुनी, इमारत जुनी, व्यवस्था ढिसाळ. शेअरचा भाव पडला, लोक टाटांच्या पेढीबद्दल कुजबुजू लागले. त्यांनी एम्प्रेसचे आपले काही शेअर विकून पैसा ओतला, नागपूरची तयार माणसं कुर्ल्याला आणली आणि काही वर्षांत गिरणी उभी केली. वयाची पन्नाशी गाठताना, एक गिरणी उत्तम चालत असताना, हे करायची गरज नव्हती. पुढे चीन-जपानकडे सूत नेणाऱ्या विलायती बोटकंपन्यांनी संगनमत करून भाडी वाढवली, तेव्हा ते १८९३ साली जपानला गेले आणि तिथल्या कंपनीशी करार करून स्वतःच्या बोटी सोडल्या. विलायती कंपन्यांनी भाडं इतकं पाडलं, की मुंबईच्या व्यापाऱ्यांनी एकेक करून जमशेटजींची बाजू सोडली. त्यांना बोटी बंद कराव्या लागल्या. नुकसान त्यांचं झालं, आणि काही काळ स्वस्त भाडं मिळालं ते साथ सोडून गेलेल्यांना.

कापसाबद्दल मात्र माझं त्यांच्याशी पटत नाही. म्हणजे, आज मागे वळून पाहताना पटत नाही. आपला गावठी कापूस आखूड धाग्याचा. त्याचं बारीक सूत निघत नाही. बारीक कापड हवं तर लांब धाग्याचा कापूस हवा. १८९६ साली त्यांनी इजिप्तचा कापूस हिंदुस्थानात कसा पिकवता येईल यावर एक टिपण छापलं आणि तो प्रयोगासाठी लावून पाहायला शेतकऱ्यांना उत्तेजन दिलं. गिरणीवाल्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं. पण नाईलच्या पाटपाण्यावर वाढलेलं झाड आणि मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसलेलं आपलं काळं रान, यांत फरक आहे. गावठी कापूस कमी पिके, पण खोल मूळ धरून कोरडा काळ सोसत असे, किडीलाही पुरून उरत असे. पुढच्या शंभर वर्षांत गिरण्यांची गरज शेतावर लादली गेली. अमेरिकन वाण आले, संकरित आले, २००२ साली बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. गावठी वाण जवळजवळ दिसेनासे झाले. लांब धागा मिळाला. त्याबरोबर बियाण्याचं, फवारणीचं कर्जही आलं, आणि कोरडवाहू विदर्भात त्या कर्जाचं काय झालं ते आपण वर्तमानपत्रांतून वाचलं आहे. याचा दोष १८९६ च्या त्या टिपणावर टाकणं हास्यास्पद ठरेल. पण यंत्राला हवा तसा कापूस करायचा की आपल्याकडे पिकतो त्या कापसाला मानवेल असं यंत्र करायचं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. रिंगच्या वेळी जमशेटजींनी नकळत दुसरी वाट धरली होती, आपल्या जाड्या सुताला मानवणारं यंत्र शोधून. आता कुठे आखूड धाग्यासाठी छोटी कताई यंत्रं बनवणारी, गावठी वाण शोधून पेरणारी माणसं पुन्हा दिसू लागली आहेत.

शेवटच्या वर्षांत त्यांच्या डोक्यात पाणी होतं. मुंबईच्या गिरण्यांची धुराडी कोळशावर चालत आणि परळ-लालबागवर काजळी धरत असे. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात कोसळणारं पाणी अडवून, ते कोकणात उतरवून त्यावर वीज करायची आणि गिरण्या चालवायच्या, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या वास्तुविशारदानं मांडली आणि जमशेटजींनी उचलून धरली. जबलपूरला हुकलेली पाण्यावरची गिरणी त्यांच्या मनातून गेली नव्हती, असं मला वाटतं. ती पाहायला ते राहिले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाट नाउहाइम इथे त्यांचा अंत झाला. कंपनी निघाली १९१० मध्ये, खोपोलीची वीज गिरण्यांना मिळाली १९१५ मध्ये. धूर कमी झाला. आणि १९२१ मध्ये त्याच योजनेच्या पुढच्या धरणासाठी मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा सेनापती बापट सत्याग्रहाला उभे राहिले. स्वच्छ विजेची किंमत कुणी मोजली, हे मुळशीत अजून विसरलेले नाहीत.

एम्प्रेस गिरणी १९८६ मध्ये टाटांच्या हातून गेली, मग सरकारी महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये कायमची थांबली. काही वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला नागपूरला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून ती जागा पाहायला गेलो. तिथे आता मॉल आहे, नाव एम्प्रेसच. आत गार वारा सुटला होता. एका दुकानात शर्ट पाहिला, गळ्याशी पट्टी होती: बांगलादेशात शिवलेला. तिथल्याच रानात कापूस उभा होता, आणि शर्ट मात्र समुद्र ओलांडून आला होता. नाशिकरोडच्या त्या गासड्या आठवल्या. दुसऱ्या पट्टीवर शर्ट पर्यावरणस्नेही असल्याचं छापलेलं. सूत कोणत्या प्रकारचं, पाणी किती वाचवलं, सगळं होतं. शिवणारी बाई कोणत्या हवेत बसते ते नव्हतं. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तडे बुजवायला खर्च येतो, आणि तो खर्च कोणत्या रकान्यात टाकायचा हे कुठल्यातरी टेबलावर ठरलेलं असतं. असल्या टेबलामागे मी बसलो आहे, म्हणून ही बातमी मला जरा जास्त वेळ पुरली.

चाचांची गोष्ट अर्धी राहिली. तीन वर्षांनी, माझी बदली व्हायच्या आधी, त्यांच्या शेडची तपासणी करायला गेलो. एप्रिल संपत आला होता. शेजारच्या शेडमध्ये डोकावलो तर भट्टी; चाचांच्या शेडमध्ये शिरलो तर कस्पट कमी, हवा ओलसर. भिंतीत सहा पंखे फिरत होते. कुठल्यातरी बंद गिरणीच्या भंगारातून त्यांनी ते स्वतःच्या पैशानं आणले होते. हप्ता एकही चुकला नव्हता. छत्तीसच्या छत्तीस माग चालू होते, आणि मे महिन्यात कारागीर गावी पळत नाहीत, एवढंच चाचा म्हणाले. पंख्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. शाखेत परत आलो, अहवाल लिहायला घेतला. मागांची संख्या, सुताचा साठा, कापडाचा साठा लिहिला. आणि खाली तारणाच्या यादीत, वाढीव मालमत्ता म्हणून, सहा पंखे लिहिले.